सूत्र पाठ, तरी उत्तर निम्मेच

'एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू' हे सूत्र कोणत्याही टायट्रेशनला चालते, हा रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधला सर्वांत पक्का गैरसमज. ते सूत्र द्रावण पातळ करण्याचे. टायट्रेशनला ते लागू पडते फक्त दोन पदार्थ एकास एक प्रमाणात जुळतात तिथे.

समजा, 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने 10 मिली घेतले आणि ब्युरेटमधले सोडियम हायड्रॉक्साइड 10.4 मिली लागले. सूत्रात आकडे घातले की उत्तर येते 0.048 मोलर. पण या आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात. फ्लास्कमध्ये आम्ल 0.5 मिलिमोल, म्हणजे अल्कली 1 मिलिमोल, त्याला 10.4 ने भागले की 0.096 मोलर. आधीच्या उत्तराच्या बरोबर दुप्पट! तेच आम्ल पोटॅशियम परमँगनेटबरोबर घेतले, तर पाच मोल आम्लाला परमँगनेटचे दोनच मोल पुरतात. म्हणून आधी संतुलित समीकरण लिहा, मग मोल मोजा. मुलांकडून सूत्र घोकून घेण्यापेक्षा हे करून घेतलेले कधीही बरे.

फ्लास्क ओला राहिला की रीडिंग चुकते, ही भीतीही निराधार. आम्लाचे मोल पिपेटने ठरवलेले असतात, फ्लास्कमधल्या पाण्याने ते बदलत नाहीत. फ्लास्क आम्लाने खंगाळला, तर मात्र मोल वाढतात. ब्युरेट आणि पिपेटचे याच्या उलट: त्यात राहिलेले पाणी द्रावण पातळ करते, म्हणून ती त्या-त्या द्रावणानेच खंगाळायची.

गडद गुलाबी रंग म्हणजे अचूक रीडिंग, असेही नाही. फिनॉल्फ्थॅलिनची फिकट गुलाबी छटा हलवूनही अर्धा मिनिट टिकली की थांबायचे. नंतर ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उडते; तेव्हा आणखी थेंब सोडू नयेत.

सोडियम हायड्रॉक्साइड नीट तोलले की त्याची मोलॅरिटी कळलीच, असे अनेकांना वाटते. पण ते तोलता तोलताच हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणून तर प्रमाण द्रावण ऑक्झॅलिक आम्लाचे करतात. त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, तेव्हा मोलर वस्तुमान 90 नव्हे, 126 धरायचे. 0.05 मोलरच्या 250 मिली द्रावणाला सुमारे 1.576 ग्रॅम लागतात. 90 धरून 1.125 ग्रॅमच तोलले, तर बाटलीवर 0.05 लिहिलेले द्रावण प्रत्यक्षात 0.036 मोलरचेच भरते.