खाणीतला अनुभव कागदावर हवा

आपल्या घरातील अॅल्युमिनियमच्या पातेल्याचे मूळ लाल दगडात आहे. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडच्या सड्यावरून हा दगड, म्हणजे बॉक्साइट, वर्षानुवर्षे ट्रकने बेळगावच्या कारखान्यात गेला. तेथे कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने त्यातून अॅल्युमिना काढतात. एक टन अॅल्युमिनियमला साधारण ४ ते ५ टन बॉक्साइट लागतो.

खरी अडचण आहे ती दगड निवडण्यात. वर कठीण जांभा, खाली चिकणमाती आणि मध्ये बॉक्साइट. तोही सलग नव्हे, कप्प्याकप्प्याने. मातीतली सिलिका सोबत गेली की ती महागडा सोडा खाते. नमुने प्रयोगशाळेत तपासतात हे खरे, पण ढिगातून माती-दगड वेगळा काढायचा तो मजुरानेच, रंग आणि वजन पाहून. पावसाळ्यात तर सड्यावर एवढा पाऊस कोसळतो की खोदाई थांबते आणि रोजही बुडतो.

एवढी पारख असलेला माणूस जन्मभर घमेलेच उचलतो, हे आम्हाला खटकते. त्याच्या वरची पायरी मेटची, तसेच सुरुंग उडवणाऱ्या ब्लास्टरची. या परीक्षा खाण सुरक्षा महासंचालनालय घेते. त्यांना पदवी लागत नाही. खाणीतील अनुभवाचा आणि प्रथमोपचाराचा दाखला लागतो. आणि इथेच आपली माणसे अडतात. कंत्राटदाराच्या रजिस्टरात नावच नसेल, तर दहा वर्षे राबूनही अनुभव शून्य! तेव्हा बंधूंनो, कामावर लागताच नाव आणि रुजू झाल्याची तारीख रजिस्टरात पडली की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहून घ्या.