जालन्याच्या छावणीतला छांदिष्ट डॉक्टर

दिवाळीचा फराळ झाला, की डब्यांखाली पाण्याची परात ठेवायची आणि भोवती हळदीची रेघ ओढायची, हा आपल्याकडे घरोघरचा रिवाज. तरीही एखादी मुंगी करंजीपर्यंत पोहोचतेच! आपण तिला चिमटीने बाजूला करतो आणि विसरून जातो. पण असल्या मुंग्यांची रीतसर जंत्री छापणारा एक गोरा डॉक्टर पूर्वी आपल्या जालन्यात राहून गेला, हे किती जणांना ठाऊक असेल?

‘जालना, सोन्याचा पाळणा’ असे म्हणतात. कुंडलिकेकाठचे हे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि इंग्रजी फौजेची छावणी तिथे होती. मद्रासच्या दुसऱ्या घोडदळ पलटणीबरोबर टॉमस कॅव्हरहिल जर्डन हा तरुण डॉक्टर या छावणीत आला. त्याचा जन्म १८११ चा. एडिंबरोत शिकून तो १८३६ साली कंपनी सरकारच्या नोकरीत मद्रासला उतरला आणि पुढच्याच वर्षी या पलटणीत रुजू झाला. दख्खनमध्ये त्याने सुमारे चार वर्षे काढली. पक्षी टिपावेत, त्यांची कातडी सुकवावीत, वहीत नोंदी कराव्यात, हा त्याचा छंद!

तो काळच अशा छांदिष्टांचा होता. पॅरिसमध्ये १८३१ साली देरोल घराण्याचे दुकान निघाले. टाचणीला टोचलेली फुलपाखरे आणि भुंगेरे तिथे विकत मिळू लागले. दूरदेशीचा किडा म्हणजे पैसा, असा तो बाजार. त्या बाजारात वस्तू शाबूत असेल तरच तिला मोल.

जर्डनने मात्र व्यापार केला नाही. आपले पक्षी ओळखून द्यावेत म्हणून त्याने ते स्कॉटलंडमधील प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे धाडले. गलबताचा प्रवास महिनोन् महिन्यांचा. पेट्या पोहोचल्या तेव्हा काय दिसले? सगळ्या संग्रहाला कसर लागलेली! एवढ्या मेहनतीची किड्यांनी माती केली.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. याने ठरवले, की यापुढे विलायतेतल्या पंडितांवर विसंबायचे नाही. आपण डोळ्यांनी पाहिले ते आपणच लिहायचे. मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत १८३९ पासून त्याची दक्षिण भारतातील पक्ष्यांची यादी छापून येऊ लागली. तीत ४२० जाती होत्या. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली केलेल्या दख्खनच्या यादीच्या जवळजवळ दुप्पट!

आणि गंमत पाहा. ज्या कीटकांनी त्याला दगा दिला, त्यांच्याकडेही तो प्रेमानेच वळला. दक्षिणेत फिरता फिरता मुंग्यांचे रंग, चाल, वारूळ, खाणे त्याने टिपून ठेवले आणि १८५१ साली त्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत डिवचले की टुणकन उडी मारणारी, लांब जबड्यांची एक मुंगी होती. तिचे शास्त्रीय नाव ‘हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर’. यातल्या सॉल्टेटर या लॅटिन शब्दाचा अर्थ नर्तक.

जर्डनने वर्णन केलेल्या मुंग्यांचे मूळ नमुने आज उरलेले नाहीत. पण वर्णन इतके नेमके, की अनेक नावे अजून टिकून आहेत. त्या नर्तकीचा तर मोठाच भाग्योदय झाला. २०१० साली जनुकांची संपूर्ण जंत्री तयार झालेल्या पहिल्या दोन मुंग्यांत ती होती. तिच्या वारुळातली राणी मेली, की कामकरी मुंग्या मिशांनी झुंजतात आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. एरवी काही महिने जगणारी ही कामकरी मग काही वर्षे जगते. मात्र तिचा मेंदू आक्रसतो. पुन्हा कामाला जुंपली तर तो पूर्ववत वाढतो, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. म्हातारपण कसे लांबवावे, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ आज या मुंगीकडे डोळे लावून आहेत!

‘बर्ड्स ऑफ इंडिया’ हा जर्डनचा मोठा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात निघाला. पक्ष्यांची देशी नावे, त्यांत मराठीही, त्याने त्यात आवर्जून दिली. १८७२ साली तो इंग्लंडमध्ये वारला.

जालन्याची फौज केव्हाच गेली. १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मुंग्यांची रांग मात्र तशीच चालली आहे. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या डब्याशी मुंगी दिसली, तर झटकण्यापूर्वी घटकाभर तिच्याकडे पाहा. आणि जमल्यास दोन ओळी लिहूनही ठेवा. त्यांना कसर लागायची नाही!