पहिली नोकरी सोडायची कधी?

नागाव, चौल, रेवदंड्याची मुलं पदवी घेऊन अलिबागला, नाहीतर मांडव्याहून बोटीने मुंबईला पहिल्या नोकरीला लागतात. वर्षभरात काम हातात बसतं आणि मग रोज तेच ते. लगेच राजीनामा द्यावा का?

मला इथे किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण बेळगावात भावाबरोबर सायकलींचा धंदा आधीच उभा होता. कारखान्याची किर्लोस्करवाडी आली ती नंतर, 1910 मध्ये. रागापेक्षा ही तयारी मला फार मोलाची वाटते.

म्हणून आधी साहेबांकडे वेगळं काम मागा, स्पष्ट शब्दांत. सहा महिन्यांत नवीन काहीच हाती आलं नाही, तर दुसरीकडे अर्ज सुरू करा. नवं नेमणूकपत्र हातात येईपर्यंत राजीनामा नको. नोटीस किती दिवसांची, तेही वाचा.

पीएफ मात्र काढू नका, नव्या खात्यात वळवा! पाच वर्षांच्या आत काढला तर सहसा कर लागतो. वळवला तर आधीची सेवा मोजली जाते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीलाही साधारण पाच वर्षं लागतात, पण बावीस-तेविसाव्या वर्षी केवळ तेवढ्यासाठी अडकून राहू नये.