पोराची फी : खर्च की भांडवल?

काटोलच्या दुकानदाराला दोन चिंता सारख्याच छळतात. दुकानात टिकेल असा, हिशेब जमणारा पोट्टा मिळत नाही. आणि घरच्या पोराची कॉलेजची फी भरायची असते. व्हिडिओत म्हटलं तसं, दोन्हींचं मूळ एकच आहे.

गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६४ च्या 'ह्युमन कॅपिटल' पुस्तकात कौशल्याचे दोन भाग केले. एक कुठेही चालतं : टॅली, वेल्डिंग, इंग्रजी. दुसरं फक्त तुमच्याच दुकानात चालतं : तुमचं गिऱ्हाईक, तुमची उधारीची वही. पहिलं शिकवायला मालक पैसा घालत नाही, कारण शिकलेला पोरगा उद्या नागपूरला जातो. मग तो खर्च बापावर किंवा सरकारवर येतो. सरकारी जागा पुरल्या नाहीत की खाजगी शिक्षण उभं राहतं.

आपल्याकडे हे १९८३ मध्ये झालं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी ऐपत असलेली पोरं कर्नाटकात जायची. नागपूरला वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण कॉलेज १९८४ चं. त्यातून राज्याला इंजिनीअर मिळाले हे खरंच, पण पुढे अनेक कॉलेजांत जागा रिकाम्या राहू लागल्या. इमारत म्हणजे कौशल्य नव्हे, हे बाजाराने दाखवलं. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की संस्था वाजवी शिल्लक ठेवू शकते, नफेखोरी करू शकत नाही.

आता तुमच्या घरचं बघा. फी भरायची जुलै-ऑगस्टमध्ये, आंबिया बहाराचा संत्रा विकला जातो दिवाळीच्या आगेमागे. या मधल्या फटीत लोक सावकार गाठतात. नका गाठू! शैक्षणिक कर्जाचा हप्ता सहसा कोर्स संपल्यावर सुरू होतो. व्याज मात्र आधीपासून चढतं, तेवढं तरी दरमहा भरत राहा. आणि सही करण्याआधी कॉलेजला विचारा : मागच्या वर्षी किती जणांना, कुठे, किती पगारावर नोकरी लागली? 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे उत्तर नाही, ती जाहिरात आहे.

दुकानातल्या माणसाचं काय? ॲप्रेंटिस ठेवा. चार किंवा जास्त माणसं असतील तर ठेवता येतो, तीसपासून पुढे सक्तीच आहे. केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. करार पोर्टलवर नोंदवावा लागतो. तो कसा भरायचा, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.