आजोबांचा व्हॉल्व्ह, दादाची डबी

घरी आजी-आजोबा असतील तर आज त्यांना एक प्रश्न विचारा. "तुमच्या लहानपणी रेडिओ लावला की तो लगेच बोलायचा का हो?" ते हसतील आणि म्हणतील, "छे रे! बटण फिरवायचं आणि वाट बघत बसायचं. आत बारीक दिवे लागायचे, पेटी गरम व्हायची आणि मग कुठे आवाज यायचा."

ते बारीक दिवे म्हणजे व्हॉल्व्ह. आता तुम्ही म्हणाल, आजोबांच्या रेडिओचं आम्हाला काय? पण थांबा. आमच्या वसईतल्या एका मुलाचं मोठं दुःख या व्हॉल्व्हच्या नकलेने दूर केलं. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

हा मुलगा चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. आता अकरावीत आहे. नाव छापलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून आपण त्याला नुसतं 'दादा' म्हणू या.

दादा बास गिटार वाजवतो. आमच्या वसईत वाजवणाऱ्यांना तोटा नाही, बरं का! चर्चचा गायनवृंद, लग्नातला ब्रास बँड, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, नाताळची गाणी... केळीच्या वाडीतून संध्याकाळी चालत गेलात तर कुठल्या ना कुठल्या घरातून सराव ऐकू येतोच.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमात दादा पहिल्यांदा सर्वांसमोर वाजवणार होता. आजी मुद्दाम पुढच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम छान झाला. घरी आल्यावर आजी कौतुकाने म्हणाली, "बाबू, पेटी ऐकली, व्हायोलिन ऐकलं, ढोल ऐकला. तू काय वाजवत होतास रे?"

आजीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दादा त्या रात्री जेवला नाही.

खालचा सूर हरवतो कुठे?

आजीला ऐकू का आलं नाही? तिचे कान तर चांगले आहेत! याचं उत्तर विज्ञानात आहे.

तार हलते तेव्हा आवाज होतो. सेकंदाला जितके जास्त हेलकावे, तितका सूर उंच. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला फक्त ४१ हेलकावे घेते. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८. हे सगळे खर्जातले सूर. एवढा खालचा सूर मोठ्याने ऐकवायचा तर स्पीकरला खूप हवा ढकलावी लागते. त्यासाठी मोठा स्पीकर, मोठी पेटी आणि भरपूर ताकद हवी. हॉलमध्ये भिंतीला लावलेले लहान स्पीकर हे काम करू शकत नाहीत. गाणाऱ्याचा आवाज ते छान ऐकवतात, पण ४१ हेलकाव्यांचा सूर त्यांच्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. दादा वाजवत होता, पण त्याचा सूर स्पीकरमध्येच अडकून पडत होता.

पूर्वी खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बास असायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला आणि हे वाद्य गळ्यात अडकवता येऊ लागलं. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बास गिटार वाजवत. आज मुंबईची मोहिनी डे हेच वाद्य घेऊन जगभर फिरते. म्हणजे मुलींनो, हे फक्त मुलांचं वाद्य नाही बरं!

काचेच्या नळीची करामत

आता आजोबांच्या व्हॉल्व्हकडे येऊ. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने काचेच्या नळीत तीन भाग बसवले. एक भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये असते एक जाळी. या जाळीला अगदी थोडी वीज दिली तरी तो मोठा प्रवाह कमीजास्त होतो. नळाची तोटी बोटाने फिरवली की टाकीतलं पाणी जोरात किंवा हळू येतं ना, तसंच. छोट्या आवाजाचा मोठा आवाज होतो तो असा. आपल्या देशातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले.

पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध १९४७ चा. तो लहान, स्वस्त आणि गरम न होणारा. रेडिओतून व्हॉल्व्ह गेले. पण गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत! असं का?

कारण व्हॉल्व्हमध्ये एक खोड आहे. त्याच्याकडून जास्त काम घेतलं की तो आवाजाच्या लाटेचा माथा हळुवारपणे दाबतो. वाळूचा डोंगर तळहाताने वरून थोपटला तर तो कसा गोलसर होतो, तसा. साध्या ट्रान्झिस्टरच्या अॅम्पवर असाच ताण आला की तो लाटेचा माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट करतो. तो आवाज कानाला टोचतो.

लाटेचा माथा असा दबला की मूळ सुराबरोबर नवे सूर जन्माला येतात. ४१ च्या जोडीला त्याच्या दुप्पट ८२, तिप्पट १२३, चौपट १६४ आणि त्याहून वरचेही. खरं म्हणजे हा दोषच! मूळ सुरात नसलेलं काहीतरी अॅम्पने घुसडलं. पण हा दोष लोकांना गोड वाटला.

आणि आता खरी गंमत ऐका. ८२, १२३ आणि १६४ हे सूर एकत्र ऐकले की आपला मेंदू गणित करतो. या प्रत्येकात अंतर किती? ४१! म्हणजे खाली ४१ चा सूर असणार, असं तो ठरवतो आणि आपल्याला तो 'ऐकवतो'. स्पीकरमधून तो सूर आलेला नसला तरीसुद्धा! लहान स्पीकरलाही ८२ आणि १२३ थोडेफार जमतात, १६४ तर चांगलाच जमतो. हरवलेला खर्ज अशा रीतीने परत मिळतो.

आपल्या जुन्या कारागिरांनाही ही युक्ती वेगळ्या तऱ्हेने माहीत होती. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. त्याने तार झणकारते, वरचे सूर जागे होतात आणि तंबोरा बोलू लागतो. हीच जवारी. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जवारीसाठी नावाजलेले आहेत.

विरार लोकलमध्ये पस्तीस किलो?

दादाने हे सगळं वाचलं आणि हट्टच धरला, "मला व्हॉल्व्हचा अॅम्प हवा!" १९६९ साली अमेरिकेत अँपेग कंपनीने बाससाठी 'एसव्हीटी' नावाचा अॅम्प काढला. ३०० वॅटचा, आत १४ व्हॉल्व्ह. नुसत्या वरच्या पेटीचं वजन पस्तीस किलोहून जास्त. खाली दहा इंची ८ स्पीकरांचं कपाट वेगळंच!

वडील शांतपणे म्हणाले, "घे हो. पण सकाळच्या विरार लोकलमध्ये तो चढवायचा कसा, ते आधी सांग." किंमत त्यांनी काढलीसुद्धा नाही. ती काढायची गरजच नव्हती.

मग गावातले बँडमास्तर मदतीला आले. त्यांनी दादाला तळहाताएवढी एक लोखंडी डबी दाखवली. पायाने दाबायचं बटण आणि वर पाच-सहा नॉब. आत एकही काचेची नळी नाही. आत असते ती व्हॉल्व्हची नक्कल. काही डब्यांत साध्या इलेक्ट्रॉनिक भागांची जुळणी असते, तर काहींत छोटा संगणकच हिशेब करतो. पण काम तेच, लाटेचा माथा हळुवार दाबायचा.

न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टा यांनी १९८९ मध्ये अशी एक डबी बाजारात आणली. नाव ठेवलं 'सॅन्सअॅम्प'. फ्रेंच भाषेत 'सॅन्स' म्हणजे 'शिवाय'. अॅम्पशिवाय अॅम्पचा आवाज! पुढे त्याच घराण्यातली खास बास गिटारची डबीही आली, आणि आज अशा डब्या अनेक कंपन्या बनवतात. दादाने सुट्टीत काकांच्या फुलांच्या वाडीत काम केलं, पैसे साठवले आणि एक जुनी, वापरलेली डबी घेतली.

सगळे नॉब पूर्ण!

घरी आल्यावर दादाने काय केलं असेल? जे तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवले! खोलीत एकट्याने वाजवलं तेव्हा वाटलं, वा, विमानच उडालं. पण सरावाला गेला आणि पेटी, गिटार, गाणारे सगळे सुरू झाले, तेव्हा त्याच्या बासची नुसती खिचडी झाली. घरघर ऐकू येत होती, सूर कुठला ते कळत नव्हतं.

बँडमास्तर म्हणाले, "पोरा, मीठ घालायला सांगितलं होतं, तू मिठातच भाजी घातलीस."

मग दोघांनी मिळून डबी लावली. तुमच्या घरात कुणी बास वाजवत असेल तर ही पद्धत त्यांना वाचून दाखवा.

'ड्राइव्ह' हा नॉब लाटेचा माथा किती दाबायचा ते ठरवतो. तो घड्याळातल्या नऊच्या जागेवर ठेवून सुरुवात करावी. 'ब्लेंड' हा मूळ आवाज आणि डबीचा आवाज यांचं मिश्रण करतो. तो मध्यावर ठेवावा, म्हणजे बासचा मूळ भरदारपणा शिल्लक राहतो. 'लेव्हल' असा लावावा की डबी चालू केली काय आणि बंद केली काय, आवाज सारखाच मोठा वाटेल. हे फार महत्त्वाचं! कारण आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो आणि आपली फसगत होते.

डबीची तार कुठे जोडायची तेही बघावं लागतं. समोर बासचा खरा अॅम्प आणि स्पीकर असेल तर डबीतली 'स्पीकरची नक्कल' बंद ठेवावी, नाहीतर स्पीकरवर स्पीकर चढून आवाज कोंदट होतो. तार थेट साउंडवाल्यांच्या मिक्सरला जाणार असेल तर मात्र ती नक्कल चालू हवी. जोडण्यापूर्वी साउंडवाल्या काकांना आवाज बंद करायला सांगावं. धप्प आवाजाने स्पीकर खराब होऊ शकतो. सारखी 'हम्म्' अशी गुणगुण येत असेल तर डबीवर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटण आहे का ते शोधावं.

आणखी एक. बऱ्याच डब्यांत गिटारची तार खोचलेली असली की बॅटरी संपत राहते, मग तुम्ही वाजवा की वाजवू नका. म्हणून वाजवून झालं की तार काढावी. अॅडॅप्टर लावताना त्यावरची अधिक-उणेची खूण डबीवरच्या खुणेशी जुळते का ते आधी बघावं. उलटा लावला तर डबी जळू शकते.

पालकांसाठीही एक शब्द. खऱ्या व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये शेकडो व्होल्टची वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती आत काही वेळ साठून राहते. जुना रेडिओ किंवा अॅम्प मुलांना उघडू देऊ नका. बऱ्याचशा डब्या मात्र ९ व्होल्टवर चालतात. आणि सरावानंतर मुलाच्या कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज नक्की जास्त होता, तो कमी करायला सांगा.

आजी मागच्या रांगेत

पुढच्या नाताळला दादा पुन्हा उभा राहिला. हॉल तोच आणि भिंतीवरचे लहान स्पीकरही तेच. आवाज मागच्या वर्षीइतकाच ठेवला होता. आजीला यायला उशीर झाला, म्हणून तिला अगदी मागच्या रांगेत जागा मिळाली. दादाला वाटलं, संपलं सगळं.

घरी आल्यावर आजीने चप्पल काढता काढताच विचारलं, "तिसऱ्या गाण्यात तू एकदा चुकलास का रे?"

दादा आनंदाने ओरडला, "हो! चुकलो!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी मला गाठून त्याने हे सांगितलं. म्हणाला, "टीचर, माझी चूक ऐकू आली!" मी म्हटलं, "आता पंचाईत आहे तुझी. आता बरोबरच वाजवावं लागेल." तेव्हापासून तो रोज तासभर जास्त सराव करतो. ते काम काही डबी करत नाही ना!

करून पाहा

१. बास गिटार असलेलं एखादं गाणं मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर लावा. मग तेच मोठ्या स्पीकरवर ऐका. खालच्या सुरांची चाल छोट्या स्पीकरवरही थोडीफार कळते का? कळली तर समजा, तुमचा मेंदू गणित करतोय.

२. कुणाकडे गिटार असेल तर जाड तार छेडा. मग तिच्या बरोबर मध्यावर बोट अलगद टेकवा, दाबू नका, आणि पुन्हा छेडा. लगेच बोट उचला. जो उंच सूर ऐकू येईल तो दुपटीचा सूर. तो त्या तारेत आधीपासूनच लपलेला होता!

आणि हो, आजोबांना रेडिओबद्दल विचारायला विसरू नका.