काढलेल्या शिमचा हिशेब

वेल्डिंग फिक्श्चरमध्ये पत्रा ज्या ब्लॉकवर टेकतो तो ब्लॉक आणि त्याला धरणारा एल ब्लॉक, यांच्यामध्ये पातळ पट्ट्यांची चळत असते. याच शिम. डिझाइनर मॉडेल करतानाच त्यांच्यासाठी जागा ठेवतो, कारण वेल्ड थंड होताना आकसते, पत्रा ओढ घेतो, आणि ही ओढ नेमकी किती असेल ते पडद्यावर पुरते कळत नाही. ट्रायलला पहिले चार-पाच जॉब निघतात, मोजले जातात. ब्रॅकेटचे भोक अर्धा मिलिमीटर वर आले असेल, तर फिटर ॲलन बोल्ट सैल करतो, तेवढ्या जाडीची पट्टी काढतो आणि बोल्ट पुन्हा आवळतो. पुढचा जॉब बरोबर येतो. फिक्श्चर पास होते, टेम्पोत चढून चाकणला रवाना होते. पट्टी टूलरूमच्या खणात जाऊन पडते. डिझाइनरच्या फाइलमध्ये मात्र ती अजून जागेवरच असते, आणि सहा महिन्यांनी तसाच जॉब आला की त्याच फाइलची कॉपी काढून काम सुरू होते.

पुण्याजवळच्या भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण या पट्ट्यात फिक्श्चर आणि डाय यांचे डिझाइन करणारी लहान ऑफिसे गल्लोगल्ली आहेत, आणि ती एकमेकांना बरेच काही देत असतात. टॉगल क्लॅम्पचे मॉडेल, स्टँडर्ड पार्टची लायब्ररी, बिल ऑफ मटेरिअलचा तयार तक्ता. कधी शेजारच्या शॉपमधून डी-टू पोलादाचा उरलेला तुकडा, कधी हीट ट्रीटमेंट कुणाकडे चांगली होते हा सल्ला. ही देवाणघेवाण इथल्या उद्योगाइतकीच जुनी आहे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात टेल्को आणि बजाज इथे उभ्या राहिल्या, आणि मोठ्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये हात तयार झालेल्या कित्येकांनी पुढे स्वतःचे शेड टाकले. ज्ञान माणसाबरोबर नोकरी बदलत गेले. माझे म्हणणे एवढेच आहे की या सगळ्या देण्याघेण्यात सर्वांत मोलाची गोष्ट वगळली जाते, ती म्हणजे ट्रायलला काय चुकले आणि ते कशाने सुधारले. डिझाइनरांनी एकमेकांना फाइल देण्याआधी हे द्यायला हवे.

फाइल पुरेशी का पडत नाही, हे डायमंड पिनवरून चटकन कळते. जॉबला दोन भोके असली की एका भोकात गोल पिन आणि दुसऱ्यात बाजू छाटलेली डायमंड पिन देतात. दोन्ही गोल दिल्या, तर भोकांमधल्या अंतरात थोडा फरक पडला तरी जॉब अडकतो. छाटलेल्या बाजू दोन्ही पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने हव्यात. मग अंतरातला फरक सामावतो आणि जॉब फिरतही नाही. हीच पिन नव्वद अंशांत फिरली, तर जॉब अडकतोही आणि फिरतोही. तयार मॉडेल उचलणाऱ्या नवख्याला पिनचा आकार मिळतो, तिच्या दिशेमागचे कारण मिळत नाही. सॉफ्टवेअरने ही अडचण वाढवली आहे. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या, तशा ग्राहकांच्या मागण्याही वेगवेगळ्या झाल्या. आज एक ग्राहक कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरमधला डेटा मागतो, दुसरा एनएक्समधला, आणि चार टेबलांच्या ऑफिसला दोन्हींचे परवाने परवडत नाहीत. मग कुणीतरी क्रॅक केलेली कॉपी देतो आणि त्याला मदत म्हणतात. ही मदत नव्हे. घेणाऱ्याच्या गळ्यात घातलेली ती कायदेशीर जोखीम आहे. सरळ मार्ग आहेत. आयएसओ 10303 या मानकातली स्टेप फाइल जवळजवळ सगळीकडे उघडते, फ्रीकॅड तर विनामूल्य आहे. पण स्टेपमधून नेहमी येतो तो फक्त आकार. तो कोणत्या क्रमाने, कशासाठी घडला, हा इतिहास गळून पडतो.

यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा. ड्रॉइंग ग्राहकाचे आहे, करारावर सही आहे. ते बाहेर दाखवणे गैर आहे, आणि त्यावर माझे दुमत नाही. पण दीड मिलिमीटरच्या पत्र्याला एकाच बाजूने सीओटू वेल्ड केले, क्लॅम्प वेल्डपासून लांब होता, म्हणून पत्रा वेल्डकडे ओढला गेला, हे कोणत्याही ग्राहकाचे गुपित नाही. ते धातूचे वागणे आहे. पार्टचे नाव, नंबर, गाडीचे मॉडेल काढून टाकले की उरते ते या धंद्यातल्या सगळ्यांचे. दुसरा आक्षेप असा, की स्पर्धकाला आयते का द्यावे? एमआयटीचे एरिक फॉन हिपेल यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या छोट्या पोलाद कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथले इंजिनिअर प्रतिस्पर्धी कारखान्यातल्या इंजिनिअरलाही अडचणीत मदत करत, आणि पुढे तशीच मदत मिळेल हे धरून चालत. स्पर्धेत निर्णायक ठरेल अशी गोष्ट ते राखून ठेवत. भोसरीतल्या डिझाइनरलाही हा फरक करता येतो. त्याला ऑर्डर मिळते ती वेळ, किंमत आणि विश्वास यांवर. शिम किती काढली हे लपवल्याने ती मिळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: चूक कबूल केली की बाजारात नाव जाते. फिक्श्चरला बारा जागी शिम बदलावी लागली हे ग्राहकाच्या कानावर गेले, तर पुढची ऑर्डर अडेल ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्या ऑफिसने धैर्य दाखवावे असा उपदेश करण्यात अर्थ नाही. सांगणाऱ्याचे नाव झाकणारी सामाईक जागा हवी, आणि तिच्यासाठी पाया आहे. चिंचवडचे ऑटो क्लस्टर लहान उद्योगांना न परवडणारी चाचणी आणि प्रोटोटाइपची यंत्रे सामाईक वापराला देते. चाकणला टूलिंग उद्योगाच्या ‘टॅग्मा’ संघटनेचे केंद्र आहे. पुण्याच्या उद्यम प्रकाशनाच्या ‘धातुकाम’ मासिकाने तर फिक्श्चर आणि मशीनिंगमधले प्रश्न आणि त्यांची उत्तरे शॉपमधल्या माणसाला कळेल अशा मराठीत छापून दाखवली. यंत्रे सामाईक होऊ शकतात, तर ट्रायलच्या नोंदी का नाहीत?

या नोंदीसाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. ट्रायलच्या दिवशी ड्रॉइंगची प्रिंट फिक्श्चरशेजारीच असते. फिटरने त्यावर लाल मार्करने ‘ब्लॉक ४, अर्धा कमी, वेल्डकडे ओढ’ एवढे लिहिले आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर डिझाइनरला मॉडेल त्याच संध्याकाळी दुरुस्त करता येते. आज तो कागद तेलाचे हात पुसून टाकून दिला जातो.