संगणक बिघडला, तरी हिशेब शाबूत

दिनांक 19 जुलै 2024 रोजी जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अपडेटचा तो परिणाम होता. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या गोंधळात एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात आली नाही. त्या संगणकांत साठविलेली माहिती जागच्या जागी होती. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक सदोष फाइल काढून टाकली की विंडोज पुन्हा चालू होत असे.

घरच्या संगणकाच्या बाबतीतही पुष्कळदा असेच घडते. व्यापारी कुटुंबात एकाच संगणकावर टॅलीतील हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, मुलांचा अभ्यास आणि लग्नकार्याची छायाचित्रे एकत्र नांदत असतात. एके दिवशी यंत्र सुरू होत नाही. दुरुस्ती करणारा येतो, “फॉरमॅट मारावा लागेल” म्हणतो आणि घरातील मंडळी मान डोलावतात. बिघाडाने न झालेले नुकसान त्या घाईच्या होकाराने होते.

कुलूप वेगळे, तिजोरी वेगळी

संगणकाच्या डिस्कवर दोन प्रकारचा ऐवज असतो. विंडोज चालविणाऱ्या फाइल्स ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. कागदपत्रे, छायाचित्रे आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल्स सामान्यतः ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये असतात. वीज अचानक गेल्याने वा अपडेट अर्धवट राहिल्याने विंडोज बिघडते, तेव्हा इजा बहुधा पहिल्या भागाला झालेली असते. पेढीच्या दाराचे कुलूप अडकले म्हणून कोणी आतील तिजोरी रिकामी करीत नाही. फॉरमॅट मात्र नेमके तेच करतो.

व्यापाऱ्यासाठी हा केवळ आठवणींचा प्रश्न नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेबाची दप्तरे संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावी लागतात.

आधी माहिती, मग दुरुस्ती

डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल किंवा फाइल उघडण्यास असाधारण वेळ लागत असेल, तर दोष प्रत्यक्ष डिस्कमध्येच असण्याची शक्यता असते. अशा वेळी यंत्र बंद करून जाणकाराकडे सोपवावे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्यास उरलीसुरली माहितीही हातची जाते.

डिस्क धड असेल, तर पहिले काम माहिती बाहेर काढण्याचे. विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते. किंवा पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली तात्पुरती चालवून फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरविता येतात. उबुंटू सुरू करताना ती ‘इन्स्टॉल’ न करता केवळ चालवून पाहण्याचा पर्यायच निवडावा.

येथे एक अडसर संभवतो. अनेक नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेली असते आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्र 48 अंकी किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या संगणकाची किल्ली बहुधा त्याच खात्यात नोंदलेली असते. संगणक ठीक असतानाच ती कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. किल्ली हरवली, तर निष्णात तंत्रज्ञालाही ते कुलूप उघडता येत नाही.

सौम्य उपाय प्रथम

विंडोज सुरू होते, पण अडखळत चालते, अशा स्थितीत ‘डीआयएसएम’ आणि त्यानंतर ‘एसएफसी’ या विंडोजमधीलच तपासण्या चालवाव्यात. बिघडलेल्या प्रणाली-फाइल्स त्या बदलतात आणि वैयक्तिक फाइल्सना हात लावीत नाहीत. त्याने भागले नाही, तर विंडोज सुरू असतानाच तिची स्थापना-फाइल चालवून ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स’ हा पर्याय निवडावा. विंडोज नवी होते. फाइल्स आणि प्रोग्राम राहतात.

विंडोज मुळीच सुरू होत नसेल, तर लागोपाठच्या अयशस्वी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा आपोआप समोर येतो. तेथे आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग नुकतेच आलेले अपडेट काढणे, त्यानंतर ‘सिस्टीम रिस्टोअर’ असा क्रम ठेवावा. यांतील शेवटच्या उपायाने अलीकडे टाकलेले प्रोग्राम निघून जाऊ शकतात, कागदपत्रे राहतात.

‘रिसेट धिस पीसी’ हा अखेरचा उपाय. त्यात ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला निवडला तरी बाहेरून टाकलेले सर्व प्रोग्राम जातात, म्हणजे टॅलीही पुन्हा बसवावी लागते. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांत कंपनीचा डेटा अनेकदा प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये असे. वैयक्तिक फोल्डरांबाहेरच्या अशा डेटाची हमी या पर्यायात गृहीत धरू नये. टॅलीत दिसणारा ‘डेटा पाथ’ आधी पाहून ते फोल्डर वेगळे उतरवून घ्यावे.

वहीपूजनाच्या दिवशी आणखी एक काम

यासाठी जाणकारांचा नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क संगणकात शिरलेल्या व्हायरसच्या तडाख्यात सापडते. दरवर्षी वहीपूजनाच्या सुमारास ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडलीच नाही, तिच्या भरवशावर राहणे म्हणजे न मोजलेल्या रोकडीवर ताळेबंद मांडणे.

आणि संगणक दुरुस्त करणारा घरी आलाच, तर खर्चाच्या आधी एक प्रश्न विचारावा : “आमची माहिती आधी कोठे उतरवून घेणार?” याचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत संगणकाला हात लावू देऊ नये.